हाय म्हणजे किती हाय

तुम्ही माझ्या तोंडातला घास काढून घेतलात. साधासुधा नव्हे, नवसाचा. आणि तोसुद्धा एका चांदणीसाठी, जी छापायला तुमच्या मशीनला शाईचा जेमतेम एक ठिपका लागला असेल.

तुमचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही वकील पाठवाल, आणि वकील दारात दिसला की आमच्या गल्लीत आधी लग्न मोडल्याची बातमी पसरते. पण तुम्ही कोण ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. काचेचं दार, आत थंडगार हवा, भिंतीवर 'आपले आरोग्य, आमची जबाबदारी' असं पिवळ्या अक्षरात, आणि ती जबाबदारी कुठे ठेवलीय असं विचारायला गेलं की ती पुण्याला, हेडऑफिसात.

मी मायाप्पा कोकरे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग बघतो. टॉवेलाचा एक धागा जरी सुटला असला तरी तो मी डागी मालात टाकतो. पेटीवर लेबल भलतं लागलं तर अख्खी पेटी माघारी येते आणि मालक माझ्या खानदानाचा उद्धार करतो. हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय. अंग पुसायच्या फडक्याला आम्ही जेवढं जपतो तेवढं तुम्ही अंगातल्या रक्ताला जपत नाही.

झालं ते असं. माझ्या नातवाचं जावळ ठरलं होतं. अजिनाथच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा मी मायाक्का देवीला बोललो होतो, की नातू होऊ दे, तुझ्या माळावर बकरं देतो. माझं स्वतःचं नावही तिच्याच नवसाचं. आमच्या भावकीत रीत अशी की ज्यानं नवस बोलला त्यानं पहिला घास खायचा, मग पंगत उठायची. देवीला निवद दाखवला आणि नवस बोलणाऱ्यानंच खाल्ला नाही, तर तो फिटला की नाही यावर भावकी पुढची वीस वर्षं बोलत बसते. आमच्या भावकीला दुसरा उद्योग नाही.

त्याआधी एकदा रक्त-बिक्त सगळं तपासून घ्या, असं अजिनाथ पुण्याहून फोनवर म्हणाला. शेजारचे पंचाक्षरी सर, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी तुमच्याकडच्या नवरा-बायकोच्या एकत्र योजनेचा कागद आणून दिला. पंचाक्षरी सर कुठलाही कागद आणून देतात. मयताच्या घरीही ते एखादा कागद घेऊनच जातात.

मी आणि माझी बायको भिमा, दोघं उपाशीपोटी आलो. तुमच्या काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "नाव?"

"मायाप्पा कोकरे."

टकटक टकटक.

"दुसऱ्यांचं?"

"भिमा कोकरे."

टकटक. मान खालीच. माझ्या मिशा अशा आहेत की हेल्मेटची काच पुरती खाली येत नाही. त्या मुलीनं एकदा, फक्त एकदा मान वर केली असती, तर हे लिहायची वेळ आली नसती. पण तुमच्याकडे माणसाकडे बघायचा पगार देत नसणार.

संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. वर लिहिलं होतं, 'प्रिय मायाताई'. मी म्हटलं, मोबाईल आपोआप शब्द बदलतो, आप्पाचं ताई केलं असेल. माझ्या मालकाला मी एकदा 'माल निघाला' असं पाठवलेलं 'मामा निघाला' म्हणून पोचलं होतं आणि त्यांनी स्टेशनवर गाडी पाठवली होती. तेव्हा मी काही तिकडे लक्ष दिलं नाही.

रिपोर्टात ओळीच ओळी. सगळ्या बारीक अक्षरात, गरीब वाटणाऱ्या. मधेच एक ओळ काळी जाड, शेजारी चांदणी, आणि इंग्रजीतलं एक अक्षर. पंचाक्षरी सरांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल नाकाला लावला आणि निकाल दिला.

"युरिक ॲसिड. हाय."

"हाय म्हणजे?" मी विचारलं.

"हाय म्हणजे हाय."

भिमा आतून भाकरी थापता थापता बोलली, "हाय ते कळलं की सर. किती हाय ते सांगा."

"अहो वहिनी, हाय म्हणजे जास्ती. इंग्लिश हाय."

"मंग आमचं हाय कंचं?"

सरांनी तिचा रिपोर्ट चाळला. त्यात एकही चांदणी नव्हती. "तुमचं सगळं नॉर्मल. तुमचं न्हाय."

एवढंच वाचून झालं. आकडा कुणी वाचला नाही. सरांनी नाही, मी नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही नाही. डॉक्टरांनी मी छापून नेलेला कागद हातात घेतला, त्यांचं बोट थेट चांदणीवर जाऊन टेकलं, आणि ते म्हणाले, "मटण-बिटण बंद. पाणी भरपूर. पुढचे कोण?" चांदणीची ही एक सोय आहे. ती लागली की बाकीचं वाचायचं काम राहत नाही.

मटण बंद. आता माझं आडनाव कोकरे, घराण्यात सात पिढ्या मेंढरं, आणि माझ्यावर ही पाळी. पंचाक्षरी सर लिंगायत, कडक शाकाहारी, त्यांना आतून जो आनंद झाला तो त्यांच्या चेहऱ्यावरून ओसंडून आमच्या ओट्यावर सांडत होता.

"मी तुला किती वर्षं सांगतोय मायाप्पा. मटणानंच होतंय हे सगळं."

मग त्यांनीच मोबाईलवर आणखी वाचलं. वाचता वाचता डाळी आल्या. कुणीतरी शहाण्यानं शेंगादाणेही त्यात घातले होते. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी सोड म्हणणं म्हणजे त्याला गाव सोड म्हणण्यासारखं. सरांनी मोबाईल खिशात टाकला आणि "नेटवर काय, काही पण लिहितात" असं म्हणून घरी गेले. माझी चटणी मात्र बंद झाली. त्यांची चालू राहिली.

कारखान्यात बातमी माझ्या आधी पोचली होती. आमच्या रंगखात्यातला सिद्धू मला बाजूला घेऊन गेला. सिद्धू दिवसभर रंगाच्या पातेल्यापाशी असतो, त्यामुळे त्याला रसायनातलं सगळं कळतं असं त्याचं मत आहे.

"ॲसिड म्हणं रगतात?"

"व्हय."

"आमच्याकडं बुधलं भरून हाय की. बोट घातलं तर नख जातंय. तुमच्या आंगात फिरालंय म्हणजे लई जपा."

"मग करू काय?"

"सोडा टाकायचा. ॲसिड थंड."

मी दोन चमचे खायचा सोडा पाण्यात घालून घेतला. त्याच दुपारी परगावचा व्यापारी माल बघायला आला. मी टॉवेलाची घडी उघडून दाखवली, तोंड उघडलं, आणि भावाऐवजी ढेकर आली. मग दुसरी. तिसऱ्या ढेकरेला व्यापाऱ्यानं विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" चौथ्या ढेकरेला मालकानं मला गोदामात पाठवलं. माणूस इज्जतीनं जगतो असं म्हणतात. माझी इज्जत त्या दिवशी नाकातोंडाने बाहेर पडत होती.

घरी भिमानं वेगळाच कायदा काढला. ॲसिड म्हणजे आंबट. म्हणून लिंबू, चिंच, दही, ताक, सगळं बंद. रात्री अजिनाथचा फोन आला, "अण्णा, लिंबूपाणी घ्या, त्यानं उतरतंय." वरच्या मजल्यावरचे म्हणाले, टोमॅटोच्या बिया काढून खा. ते मूतखड्याला असतं, पण सल्ला द्यायचा म्हटल्यावर रोग कुठला हे बघायचं नसतं. शेवटी माझ्या ताटात दुधी उरला. दुधी उकडलेला, दुधी चिरलेला, दुधी किसलेला. त्या भाजीला चव नाही, वास नाही, स्वतःचं मत नाही. सरकारी खात्यात तिला चांगली नोकरी लागली असती.

भिमाला दोन स्वयंपाक करावे लागायचे. एक माझा, एक माणसांचा. आणि रविवारी अजिनाथ सुनेला, ऋतुजाला घेऊन आला की मटण व्हायचंच. माझा वाटा उरायचा. तो भिमा घ्यायची.

"टाकायचं का मंग?" ती म्हणायची. "माजं समदं साफ हाय. न्हाय म्हणले की सर."

आता इथं एक गोष्ट नीट वाचा, तुमच्यासाठीच लिहितोय. याच दिवसांत भिमाच्या उजव्या पायाचा अंगठा दुखायला लागला. बुडाशी लाल, सुजलेला, रात्री पांघरूण लागलं तरी ती कळवळायची. मी म्हटलं, दोन स्वयंपाक उभ्यानं करतीस म्हणून. ती म्हणाली, "मंग एकच करू का?" मी विषय बदलला. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी पाय बघितला नाही, आधी रिपोर्ट मागितला.

"ताई, तुमचं सगळं क्लिअर आहे. चपला मऊ घ्या."

मऊ चपला घेतल्या. अंगठा दुखतच. मग मापानं मोठ्या घेतल्या. त्या घालून ती चालायला लागली की गल्लीतली कुत्री बाजूला व्हायची, एवढा आवाज.

"दुखतंय वो," ती म्हणायची.

"रिपोर्टात न्हाय," मी म्हणायचो.

"पायात हाय की पण."

"रिपोर्टात न्हाय ना. माजं बग, हाय. तुजं न्हाय. उगं डोस्क्यात घेऊ नको."

दुधी खाणाऱ्या माणसाच्या अंगात एक तपस्व्याचा ताठा येतो. घरात आजारी एकच आहे आणि तो मी आहे, ही गोष्ट मला कुणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती. वर तुमचे मेसेज सुरूच. 'प्रिय मायाताई, पाळीच्या तक्रारी अंगावर काढू नका.' मी ते भिमाला वाचून दाखवायचो. तिच्यासाठीच असतील, चुकून माझ्या नंबरवर येत असतील. ती म्हणायची, "माजी जाऊन सा वर्सं झाली, त्यास्नी सांगा."

जावळाचा दिवस आला. गावाकडं माळावर मांडव, चुली पेटलेल्या, भावकी गोळा. नातवाला त्याच्या मामानं मांडीवर घेतलं, न्हाव्यानं पहिली बट काढली, पोरानं रडून माळ डोक्यावर घेतला. सगळं रीतसर. मग निवदाचं ताट माझ्यापुढं आलं. बाजरीची भाकरी, वाटीत रस्सा, वर तवंग, त्यात नळी. वास असा की शेजारच्या वाडीतली माणसं काम सोडून उभी राहिली असतील.

माझा थोरला चुलतभाऊ महिपती तात्या म्हणजे भावकीचं सुप्रीम कोर्ट. तात्या म्हणाला, "घे रं."

"तात्या, मला चालत न्हाय."

"का? देव सोडला का?"

"रगतात ॲसिड हाय."

मांडवात कुजबूज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "फरशी पुसायचं व्हय?" बायकांच्या बाजूनं हसू आलं.

तात्या हसला नाही. "नवस तुजा, घास तुजा. तू न्हाय खाल्लास तर देवीला सांगू काय, डाक्टरला इचारून ये?"

मी ताटाकडं बघितलं. ताट माझ्याकडं बघत होतं. नातवासाठी बोललेला शब्द एका बाजूला, तुमची चांदणी दुसऱ्या बाजूला. आणि मी, शिकलेला, सोलापुरात राहणारा, रोज पेपर वाचणारा, चांदणीला भ्यालो. मायाक्काला नाही भ्यालो, तुमच्या मशीनला भ्यालो.

तेवढ्यात भिमा फटक फटक करत पुढं आली. "नवरा-बायको काय येगळी हायत का? ह्यांचा घास मी खाते. माजं रिपोर्ट साफ हाय." आणि खाली बसून, पाय कसाबसा दुमडून, तिनं माझ्या डोळ्यांदेखत माझा नवस खाल्ला. नळीसकट.

पंगत बसली. माझ्यापुढं डबा. डब्यात दुधी. भावकीतली लहान पोरं डब्यात डोकावून जात होती. जेवणं संपत आली तसा फोन वाजला. अनोळखी नंबर, गोंगाट फार, म्हणून मी स्पीकर लावला. ही माझी चूक, ती मी मान्य करतो. बाकीच्या सगळ्या तुमच्या.

"नमस्कार, माया मॅडम बोलताय का?"

"कोण मॅडम?"

"माया आप्पा कोकरे, फीमेल, वय छप्पन्न. मॅडम, तुमचं युरिक ॲसिड हाय आलं होतं, आता फेरतपासणीवर सूट आहे. आणि तुमच्या मिस्टरांसाठीपण."

"कोण मिस्टर?"

"भिमा कोकरे सर. सरांचा रिपोर्ट अगदी छान होता."

मग महिपती तात्या, जो मघाशी ॲसिडच्या थट्टेलाही हसला नव्हता, तो पत्रावळीवर पालथा पडून हसला. "भिमा सर," तो म्हणाला, "मॅडमला जरा रस्सा वाढा."

मी उठलो. पातेल्याकडं गेलो. मी पुरुष आहे हे कळल्यावर पहिलं काम मी तेच करणार होतो. पातेलं खरवडून पालथं घातलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुमच्या दारात. मी पुढं, भिमा मागून लंगडत. काउंटरवर तीच मुलगी. तिनं पहिल्यांदा मान वर केली, माझ्या मिशांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "अगं बाई."

मी म्हटलं, "तेच तर झालंय."

नावाची गंमत तिथं कळली. मायाप्पा हे तिनं दोन तुकड्यांत लिहिलं. माया आणि आप्पा. माया बाई, आप्पा तिचा बाप किंवा नवरा. आणि भिमा म्हटल्यावर तिला गदावाला दिसला. आमच्याकडं भिमा नदी आहे, तिच्या नावानं घरटी एक बाई आहे, हे तुमच्या मशीनला कुणी सांगितलेलं नाही.

"दुरुस्त करा," मी म्हटलं.

"जेंडर चेंजला प्रूफ लागेल, सर."

"मी बदलत न्हाय हो. तुमी बदललंय."

आधार दिलं. आधारवर मायाप्पा जोडून, रिपोर्टवर माया आप्पा तोडून. म्हणजे ही दोन वेगळी माणसं. आधी नाव जोडलं. मग मला पुरुष करायला गेली तर पडदा लाल. योजना नवरा-बायकोची, आणि मला पुरुष केलं की दोन पुरुष होतात. बरं, म्हणून आधी भिमाला बाई करायला गेली, तर दोन बायका. पुन्हा लाल.

"एकदमच दोघांस्नी करा की," भिमा म्हणाली.

"सिस्टिम एका वेळी एकच घेते, काकू."

"मंग तवा कसं घेटलं?"

पुण्याला फोन गेला. पुणं जेवायला गेलेलं होतं. पुणं परत आलं, मग आमचं लग्न कॉम्प्युटरातून मोडण्यात आलं, दोघांना सुटं सुटं भरलं, आणि नवे कागद निघाले.

माझ्या कागदावर आकडा तोच, सहा पूर्णांक सहा. फक्त शेजारची मर्यादेची रेघ सरकली. बाईची रेघ सहावर होती, पुरुषाची सात पूर्णांक दोनवर. चांदणी गेली. रक्ताचा एक थेंब बदलला नाही, एक अक्षर बदललं, आणि मी बरा झालो. एवढे दिवस मी दुधी खाऊन एका अक्षराशी झुंजत होतो.

मग भिमाचा कागद निघाला. आकडा तोच, सहा पूर्णांक आठ. पहिल्या दिवसापासून माझ्यापेक्षा मोठा. तो पहिल्या दिवसापासून तिथंच छापलेला होता, बारीक अक्षरात, सात पूर्णांक दोनच्या आत नीट बसलेला. आता त्याच्यापुढं सहाची रेघ आली. ओळ काळी झाली. चांदणी उगवली.

ती मुलगी जरा चाचरत म्हणाली, "काकू, तुमचं युरिक ॲसिड हाय आहे."

भिमानं मोठी चप्पल काढली आणि सुजलेला अंगठा काउंटरच्या काचेसमोर धरला.

"व्हय. हाय," ती म्हणाली. "मी कवाधरनं सांगतीया, हाय म्हणून."

संध्याकाळी डॉक्टरांनी पहिल्यांदा पाय हातात घेतला, युरिक ॲसिडच अंगठ्याच्या सांध्यात साठलंय असं सांगितलं. म्हणाले, नुसती रेघ ओलांडली म्हणजे रोगच असं नसतं, रेघेच्या आत आहे म्हणजे काही नाही असंही नसतं, आकडा आणि माणूस दोन्ही बघावं लागतं. हे वाक्य मी पाठ केलं आहे. ते त्यांना आधी का आठवलं नाही हे विचारलं, तर म्हणाले, "पुढचे कोण?"

आता घरात पुन्हा दोन स्वयंपाक आहेत. दुधी तिचा. मटण माझं, पण ते खाताना समोर ती बसते आणि बघते.

म्हणून हे लिहायला बसलो. तुम्हाला सरळ विचारतो. माझा घास मला परत कोण देणार? देवीला मी काय सांगू, की नवस मायाताईनं बोलला होता आणि तो भिमा सरांनी फेडला? एका बाईचा पाय सुजून टम्म झाला, तो खरा मानायला तुमच्या चांदणीची वाट का बघावी लागली?

एवढं लिहून मी भिमाला वाचून दाखवलं. तिनं पाय उशीवर ठेवला होता. शेवटपर्यंत ऐकलं.

"मशीनला डोळं न्हाईत," ती म्हणाली. "पोरगीनं मान वर केली न्हाय. डाक्टरानं पाय बगितला न्हाय. समदं खरं. पण तुमी तर रोज माज्या पायाशीच झोपताय की. तुमाला दिसत हुतं का न्हाय? हाय का न्हाय, तेवडं सांगा."

ती उत्तरासाठी थांबली आहे. तेव्हा तुम्ही आधी उत्तर द्या, आणि जरा लवकर द्या. तुमचं आल्याशिवाय मला माझं देता येत नाही.